गडापेक्षा वाट जुनी

गडकोटांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दरवाजापासून प्रारंभ करतो. किल्ला कोणी बांधला, कोणी घेतला, कोणाच्या हातून गेला, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की इतिहास पुरा झाला असे आपणांस वाटते. परंतु त्या दरवाजापर्यंत आपण पोहोचलो कसे, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या वाटेने आपण चढून आलो ती तिथूनच का गेली, तिच्या दोन्ही अंगांचे रान कोणी राखले आणि आज ती कोणाच्या पायांनी जिवंत आहे, ह्याची नोंद बखरीत नसते. शिलालेखातही क्वचितच असते. पेण आणि रोहा ह्या दोन तालुक्यांतील डोंगरवाटा चालताना हा चौथा प्रश्नच आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटू लागला. त्याचे उत्तर शोधण्याचा अल्प प्रयत्न येथे करावयाचा आहे.

प्रथम भूगोलाकडे पाहू. पेण भोगावतीच्या काठी वसले आहे आणि तिचे पाणी धरमतरच्या खाडीला मिळते. रोहा कुंडलिकेच्या काठी आहे. ही कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस प्राचीन चौल, दक्षिणेस कोर्लईचा किल्ला. पश्चिमेकडे अशा खाड्या आणि पूर्वेकडे सह्याद्रीची उभी भिंत. ह्या दोहोंच्या मध्ये डोंगरांच्या सोंडा, दाट रान आणि भाताची खाचरे. समुद्रातून आलेला माल गलबतातून उतरला की त्याला बैलाच्या पाठीवर चढावे लागे आणि घाट गाठावा लागे. पेणच्या मिठागरांचे मीठ असेच देशावर जात असे व देशावरचा माल त्याच वाटांनी खाली येत असे. खाडी आणि घाट ह्यांना जोडणारा धागा म्हणजे ही वाट. तिच्या उशाशी जो डोंगर असेल त्याच्यावर पुढे चौकी आली, चौकीचा कोट झाला आणि कोटाचा गड झाला. म्हणून आम्ही म्हणतो की गडापेक्षा वाट जुनी.

हे केवळ अनुमान आहे असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून रोह्याच्या दक्षिणेस, तळा तालुक्यात, मांदाडच्या खाडीजवळच्या कुडा येथील लेण्यांकडे बोट दाखविता येईल. येथे डोंगरात कोरलेली २६ बौद्ध लेणी आहेत. त्यांपैकी जुनी लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातील. त्यांतील ब्राह्मी लेखांत ‘महाभोज’ ही पदवी लावणाऱ्या मांदव कुळाचा उल्लेख येतो. ग्रीक व रोमन व्यापाऱ्यांच्या लिखाणातील ‘मंदगोर’ हे बंदर म्हणजे मांदाडच, असे अनेक अभ्यासक मानतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महाभोजापेक्षा दुसरे दाते अधिक बोलके आहेत. एका लेण्याचा दाता माळी आहे. एक दाता वैद्य आहे. आणि एक लोखंडाचा व्यापारी आहे. तो ‘करहाकडचा’ म्हणजे आपल्या कऱ्हाडचा. कृष्णाकाठचे कऱ्हाड कुठे आणि कोकणच्या खाडीवरील कुडे कुठे! सह्याद्री ओलांडल्यावाचून हा मनुष्य येथे येणे शक्य नाही. आणि ज्याने येथे लेणे कोरण्यास द्रव्य दिले, तो ह्या वाटेने एकदाच आला असेल असेही वाटत नाही. तेव्हा तटबंदी येथे उभी राहण्याच्या कितीतरी शतके आधी बैलांच्या खुरांनी ह्या डोंगरातील वाटा मळलेल्या होत्या, हे ह्या एका ओळीच्या लेखावरून सिद्ध होते.

आता पेणकडे वळू. पेणजवळील सांकशीचा किल्ला बद्रुद्दीनचा किल्ला ह्या नावानेही ओळखला जातो. लोकपरंपरा त्याचे नाव सांक राजाशी जोडते. आज तो एक झाडीने वेढलेला लहानसा डोंगर दिसतो. पण सोळाव्या शतकात ह्या डोंगरासाठी तीन सत्ता झगडत होत्या. १५४० मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने गुजरातच्या सुलतानाकडून सांकशी आणि कर्नाळा हे दोन्ही किल्ले हिसकावून घेतले. गुजरातच्या किल्लेदारांनी वसईच्या पोर्तुगीजांकडे धाव घेतली आणि पोर्तुगीजांनी किल्ले परत जिंकले. पुढे मात्र वर्षाला ५,००० सोन्याचे परदाव घेण्याच्या बोलीवर त्यांनी ते निजामशहाच्याच हवाली केले. समुद्रावर ज्यांचे राज्य होते त्या फिरंग्यांना डोंगरावरचा कोट सांभाळणे परवडले नाही. आणि निजामशहाला मात्र त्यासाठी दरसाल सोने मोजणे परवडले! कर्नाळा व सांकशी ज्याच्या हाती, त्याच्या हाती पनवेल-पेणच्या खाड्यांवरून घाटाकडे जाणाऱ्या वाटा, हेच ह्या व्यवहाराचे मर्म असले पाहिजे. सांकशीचा लौकिक पुढेही टिकला. इंग्रजी अमलाच्या पहिल्या काही दशकांत आजच्या पेण तालुक्याचे नाव सांकशी तालुका असेच होते. गावाचे महत्त्व वाढले आणि डोंगराचे नाव दप्तरातून पुसले गेले.

वाट म्हणजे काय हे मात्र ग्रंथ वाचून कळत नाही. ते चालूनच कळते. त्यासाठी रोह्याचा अवचितगड आम्हांस सर्वांत उत्तम वाटतो. रोह्याच्या उत्तरेस, कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवून उभा असलेला हा गड समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. मेढे, पिंगळसई आणि पडम अशा तीन गावांकडून त्यावर वाटा चढतात. गावाची शीव ओलांडली की लगेच रान सुरू होते. साग, ऐन, किंजळ, खैर, कुडा, मधूनच एखादा जुना आंबा, आणि खाली करवंदीच्या जाळ्या. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर लाल-केशरी फुले घेऊन उभी असतात. चैत्रात कुसुंबाला तांबडी पालवी फुटते. वैशाखात करवंदे पिकतात. पावसाळ्यात येथे ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि दोन महिन्यांपूर्वी पाचोळ्याने करकरणारी हीच वाट शेवाळाने निसरडी होते. पहाटे चालणाऱ्याला शिळकरी कस्तुराची शीळ ऐकू यावी, हळद्याचा पिवळा रंग पानांआड दिसावा, वानरांच्या खाकरण्याने बिबट्याची वर्दी मिळावी, असे हे रान आहे.

ह्या वाटेकडे थोडे निरखून पाहिले तर ती कशी शहाणी आहे हे ध्यानात येते. ती ओढ्यातून सरळ वर चढत नाही. पावसाळ्यात पाण्याचा लोंढा ज्या घळीतून येतो ती घळ टाळून ती सोंडेच्या अंगाने जाते. चढ फार झाला की वळण घेते, म्हणजे ओझेकऱ्याचा दम टिकतो आणि पाण्याला वाट धुऊन नेण्याइतका वेगही येत नाही. खिंडीत ती क्षणभर सपाट होते. ही बुद्धी कोणा एका स्थपतीची नाही. जेथे पाय घसरला ती जागा सोडली, जेथे दम घेता आला ती जागा धरली, असे हजारो माणसांनी व जनावरांनी मिळून ती आखलेली आहे.

वाट गडाच्या जवळ आली म्हणजे मात्र तिचा स्वभाव पालटतो. आता ती वाटसरूच्या सोयीची राहत नाही. पहारेकऱ्याच्या सोयीची होते. ह्याचे कारण आपल्याला रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ह्या राजनीतिग्रंथात दुर्गांचे प्रकरण आहे. गडाला जाणारे मार्ग सुगम ठेवू नयेत, सोपी वाट असल्यास ती मोडून तिच्यावर झाडी वाढवावी, गडाभोवतीचे रान कसोशीने राखावे आणि त्यातील काडीही तोडू देऊ नये, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. आपण गडाचा तट दगडाचा समजतो. अमात्यांच्या दृष्टीने मात्र पहिला तट झाडांचा होता, दगडाचा तट त्याच्या मागचा. आज पडमच्या वा पिंगळसईच्या वाटेने जाताना जी सावली आपण उपभोगतो, तिच्यामागे युद्धशास्त्रातील हा हिशेबही उभा आहे.

दरवाजापाशी आले की शरभाचे शिल्प दृष्टीस पडते. शरभ हा सिंहासारखा कल्पित पशू. महाराष्ट्रातील अनेक गडांच्या दारांवर तो सत्तेचे व पराक्रमाचे चिन्ह म्हणून कोरलेला आढळतो. आत गेल्यावर मात्र राजवाडे शोधू नयेत, पाणी शोधावे. खडकात कोरलेल्या सात टाक्यांचा समूह, त्याच्या परिसरात महादेवाचे लहानसे देऊळ व दीपमाळ, आणि दुसरीकडे बारा कोनांचा बांधीव तलाव, हे ह्या गडाचे खरे वैभव होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून हा काळा पाषाण तयार झाला. त्याचा अखंड भाग पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या भेगांतून पाणी झिरपते. कोठे अखंड खडक आहे व कोठे झिरपा आहे, हे ओळखून टाके खोदावयाचे. टाक्यातून निघालेला दगड तटाला वापरावयाचा. एकाच श्रमात पाण्याची आणि संरक्षणाची सोय! गडावर पाऊस चार महिने पडतो आणि शिबंदीला पाणी बारा महिने लागते. हे साधे गणित ज्याला सुटले त्याचाच गड टिकला.

ह्या गडाची पहिली बांधणी परंपरा शिलाहारांच्या काळात नेते. पुढे निजामशाही, शिवशाही आणि पेशवाई असे ह्या मुलखाचे धनी पालटत गेले. शेजारच्या घोसाळगडाची आणि तळगडाची हकीकत पाहिली म्हणजे ह्या टापूचे मोल कळते. १६४८ च्या सुमारास हे किल्ले शिवाजी महाराजांकडे आले. १६५९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने त्यांना वेढा घातला, परंतु अफझलखानाच्या वधाची वार्ता येताच तो वेढा उठला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. उरलेल्या १२ किल्ल्यांत महाराजांनी घोसाळा आणि तळा हे दोन्ही आपल्याकडे ठेवले. राज्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश गडकोट सोडून देण्याची पाळी आली असतानाही कुंडलिका व राजपुरी ह्या खाड्यांच्या मधील वाटा त्यांनी हातच्या जाऊ दिल्या नाहीत.

अवचितगडाच्या दक्षिणेकडील बुरुजावर एक शिलालेख आहे. त्यात शके १७१८, नळनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, अशी तिथी कोरलेली आहे. म्हणजे १७९६ सालचा गुढीपाडवा. सवाई माधवराव पेशव्यांचा मृत्यू ऑक्टोबर १७९५ मधला. पुण्यात गादी कोणाची ह्याचा घोळ चाललेला, सरदार एकमेकांविरुद्ध फळ्या बांधीत असलेले. आणि इकडे कोकणातील ह्या एका रानातल्या गडावर कोणी पाथरवट पाडव्याचा मुहूर्त दगडात कोरीत बसला आहे! राजधानीचा इतिहास आणि वाटेवरचा इतिहास हे नेहमी एकाच गतीने चालत नाहीत, ह्याचा ह्याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही. त्यानंतर बावीसच वर्षांनी, १८१८ मध्ये, कर्नल प्रॉथरच्या फौजेने कोकणातील इतर किल्ल्यांबरोबर अवचितगड घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात रायगडही पडला. गडाची शिबंदी उतरली आणि वाटेवरील पहारा उठला.

बहुतेक इतिहासग्रंथ येथे थांबतात. वाट मात्र येथे थांबली नाही. शिपाई गेले, पण कातकरी, ठाकर आणि धनगर चालतच राहिले. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी, अशी त्या जमातीच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. मध, कंद, औषधी मुळ्या आणि सरपण ह्यांसाठी त्यांनीच ह्या वाटा मळत्या ठेवल्या. १८७८ च्या वनकायद्याने रान सरकारी झाले. भाताच्या रोपांसाठी राब भाजावयास लागणारा पाला-फांद्या तोडणे आणि गुरे चारणे ह्यांवर बंधने आली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेची कुरकुर इतकी वाढली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये जंगल-चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविण्यासाठी आदिवासींना ‘दळी’ जमिनी देण्यात आल्या. पण त्या जमिनीचा मालकी हक्क त्यांच्या हाती आला नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी पेणच्या उत्तरेस चिरनेरच्या रानात लोक सत्याग्रहासाठी जमले. त्यांच्यावर गोळीबार झाला आणि माणसे प्राणास मुकली. एका झाडाला हात लावण्याच्या हक्कासाठी माणसे मेली, हाही ह्या रानाचा इतिहास आहे आणि तो तटाबुरुजांच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे. दळीचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही दीर्घ काळ रेंगाळला. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा कसणाऱ्यांचा हक्क तत्त्वतः मान्य केला.

रान राखण्याचा आणखी एक मार्ग ह्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला दिसतो. रोहा व मुरूडच्या हद्दीवरील फणसाडचे रान ही जंजिऱ्याच्या नबाबाची शिकारीची राखीव जागा होती. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. तेथे शेकरू आहे, भेकर आहे, हातभर लांबीच्या शेंगा धरणारी गारंबीची अजस्र वेल आहे, आणि रानातील पाणवठ्यांना ‘गाण’ असे गोड स्थानिक नाव आहे. नबाबाने शिकारीसाठी राखले, अमात्यांनी शत्रूला अडविण्यासाठी राखावयास सांगितले, इंग्रजांनी लाकडाच्या उत्पन्नासाठी राखले. हेतू भिन्न, परंतु प्रत्येक वेळी रान राखण्याचा हुकूम वरून आला आणि त्याचे ओझे रानात राहणाऱ्याने वाहिले.

आज काय स्थिती आहे? कुलाबा जिल्ह्याचे १९८१ मध्ये रायगड असे नामांतर झाले. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि १९९८ पासून रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे थेट धावू लागली. धाटावला कारखाने उभे राहिले. खाडीतून घाटाकडे माल नेण्याकरिता आता कोणी ह्या वाटा चालत नाही. पाड्यावरची तरुण माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वाट ज्या आठ महिन्यांत चालती राहावयाची, नेमके त्याच महिन्यांत तिचे जाणते लोक गावी नसतात. उन्हाळ्यात वणवे लागतात आणि रोपे जळतात. वडाची व उंबराची मुळे तटाच्या सांध्यात शिरून दगड उकलतात. गुप्तधनाच्या वेडाने कोणी फरशा उखडतो, तर कोणी हौसेने शिलालेखाशेजारी आपलेही नाव कोरतो.

ह्यावर उपाय म्हणून गडांवर मोटार जाईल असा रस्ता करावा, अशी मागणी अनेक ठिकाणी ऐकू येते. तिच्यामागील भावना आम्ही हलकी मानीत नाही. वृद्धांनाही गड पाहावासा वाटतो आणि पाहुणे आले तर गावाला चार पैसे मिळतात. परंतु यंत्राने डोंगर कापून केलेल्या रस्त्याने माणूस गडावर पोहोचतो, वाटेवरून मात्र जात नाही. ओढा टाळणारे वळण, खिंडीतला विसावा, झाडांचा पहिला तट, हे सारे त्या एका रस्त्यात गाडले जाते. उरते ते फक्त वरचे चार दगड. ह्यापेक्षा जुनी वाटच नीट राखावी, पावसाचे पाणी वळवून तिची धूप थांबवावी, टाक्यांतील गाळ काढावा, आणि वाट दाखविण्याचे काम पाड्यावरील जाणत्या स्त्रीपुरुषांना द्यावे व त्याचा योग्य मोबदला द्यावा. कोणते कंद खावे, कोणत्या झाडाला हात लावू नये, कोणत्या टाक्याचे पाणी चैत्रातही आटत नाही, हे ज्ञान ग्रंथात नाही. ते त्यांच्यापाशी आहे. वीटभट्टीच्या हंगामात त्यांना गावातच काम मिळाले तर वाटही राहील आणि वाटेचे ज्ञानही.

प्रत्येक काळात ह्या वाटेला चालणारा मिळाला, म्हणूनच ती आजवर राहिली. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी लाभासाठी आणि पुण्यासाठी चालला. गडाची शिबंदी हुकमासाठी चालली. कातकरी पोटासाठी चालला. आता ह्यांपैकी पहिले दोघे कायमचे गेले आहेत आणि तिसऱ्याला पोटासाठीच वाट सोडावी लागत आहे. ज्या वाटेवर एक-दोन पावसाळे कोणी चालत नाही तिच्यावर करवंदी आणि घाणेरी पसरते, आणि पुढच्या पिढीला ती सापडतच नाही. तेव्हा चालण्याची पाळी आता आपणा गावकऱ्यांची व शहरवासीयांची आहे. पाणी सोबत घ्यावे, कचरा मागे ठेवू नये, आगपेटी घरी ठेवावी, वाटाड्याला त्याचे नाव विचारावे आणि त्याची बिदागी हातावर ठेवावी. एवढे केले तरी ह्या वाटेच्या इतिहासात आपलेही एक पान लिहिले जाईल. त्यासाठी दगडावर नाव कोरण्याची गरज पडणार नाही.